इंद्रधनुष्यातला पारवा



ही व्याख्यानमाला एका चित्रकला शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून विषय निवडताना मी रंगापासून दूर जायचं नाही असं ठरवलं. आज मी एकाच रंगाविषयी बोलणार आहे, आणि त्याहूनही त्या रंगाच्या नावाविषयी. ते नाव म्हणजे पारवा.

हा शब्द या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ आहे. तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळा सोडून पन्नास वर्षं झालेला माणूसही हे एका दमात म्हणतो. पण त्याच माणसाला कापडाच्या दुकानात उभं करा आणि पारवा रंग दाखवायला सांगा. कुणी गडद निळ्यावर बोट ठेवतो, कुणी जांभळ्याच्या अलीकडच्या छटेवर. ज्याचं लहानपण जुन्या वाड्यात गेलंय, ज्याने पोटमाळ्याच्या झरोक्यात पारवे बसलेले पाहिलेत, तो निळसर राखाडी कापड पुढे ओढतो. मला या तिसऱ्या माणसाचं बरोबर वाटतं. पाठ्यपुस्तकाने त्याचं उत्तर चूक ठरवलं आणि त्यात मराठीचं नुकसान झालं, असं माझं म्हणणं आहे.

पारवा आधी पक्षी आहे, मग रंग. संस्कृतातला पारावत प्राकृतात झिजला आणि मराठीत पारवा झाला. गुजरातीत तो पारेवुं, हिंदीत परेवा. कबूतर हा शब्द नंतर फारसीतून आला आणि पाळलेल्या, शर्यतीत उडवलेल्या पक्ष्याला चिकटला. कड्याकपारीत, किल्ल्यांच्या तटात, विहिरींच्या कोनाड्यांत, देवळाच्या शिखरावरच्या खाचांत राहणारा तो पारवा. त्याच्या आवाजासाठीही मराठीने वेगळं क्रियापद राखून ठेवलं: पारवा घुमतो. आता शहरात दोघांनाही कबूतरच म्हणतात. म्हणजे पक्ष्याच्या बाजूनेही या शब्दाची जमीन आटत चालली आहे.

हा पक्षी नीट पाहायला हवा, कारण रंगाचा पुरावा त्याच्याच अंगावर आहे. पाठ आणि पंख सलेटी आहेत, पण नुसते सलेटी नाहीत. पाटीचा दगड ओला झाल्यावर त्यात जी निळी छाया येते तशी छाया या पिसांत कायम असते. मिटलेल्या पंखावर दोन काळे पट्टे, शेपटीच्या टोकाला एक काळी पट्टी आणि मानेवर हिरवी-जांभळी झळाळी. इंग्रजीतल्या निसर्ग अभ्यासकांनाही तो निळाच दिसला. सालीम अलींच्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकात त्याचं नाव ब्लू रॉक पिजन असं आहे. कबुतरं जोपासणारे लोकही या मूळ, रानटी रंगाला ‘ब्लू’ म्हणतात. आपल्या लोकांनी मात्र त्याला निळा म्हटलं नाही आणि राखाडीही म्हटलं नाही. त्या दोघांच्या मधल्या जागेला त्यांनी पक्ष्याचंच नाव दिलं.

गंमत वाटेल, पण त्या पिसात निळं रंगद्रव्य मुळीच नसतं. असतं ते मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांतलं काळं द्रव्य. ते पिसात सारखं पसरलेलं नसून त्याचे पुंजके झालेले असतात, म्हणून काळ्याऐवजी डोळ्याला निळसर करडं दिसतं. मानेवरची झळाळी तर रंगद्रव्याची नव्हेच. पिसाच्या तंतूंवरच्या पातळ पापुद्र्यातून परत फिरणाऱ्या प्रकाशकिरणांचा तो परिणाम आहे. म्हणून पारव्याने मान वळवली की हिरवं जांभळं होतं आणि जांभळं हिरवं. मोराच्या पिसाऱ्याचे रंग असे पातळ थरांतून येतात, हा विचार न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये मांडला होता. पारव्याच्या मानेला तोच विचार लागू पडतो.

न्यूटनचं नाव आलं, तर आता इंद्रधनुष्याकडे वळू.

इंद्रधनुष्यात सात रंग असतात, हे आपण निसर्गाचं सत्य म्हणून शिकतो. निसर्गात सात नाहीत, पाच नाहीत आणि सत्तरही नाहीत. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत एक अखंड उतार आहे आणि त्यावर रेघा माणसाने ओढल्या. न्यूटनने आधी पाच मुख्य रंग धरले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. १६७२ साली रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्याने आणखी दोन नावं जोडली, नारिंगी आणि इंडिगो. त्याचं स्पेलिंग तेव्हा ‘इंडिको’ असं होतं. सात हा आकडा त्याला संगीतातल्या सात स्वरांशी जुळवायचा होता. १७०४ साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये ही सातांची मांडणी पक्की झाली. रंगांच्या सीमा आखण्यासाठी त्याने एका साहाय्यकाची मदत घेतली, कारण त्या साहाय्यकाचे डोळे रंग ओळखण्यात आपल्यापेक्षा तयार आहेत असं त्याचं मत होतं. आज भौतिकशास्त्रातल्या अनेक याद्यांत इंडिगो वगळलेला असतो, कारण निळा आणि जांभळा यांच्या मधली ती अरुंद पट्टी बहुतेकांच्या डोळ्यांना वेगळी काढता येत नाही.

मग न्यूटनला हेच नाव का सुचलं? सतराव्या शतकात लंडनच्या बाजारात या नावाचा माल जहाजांतून उतरत होता. आग्र्याजवळचं बयाना आणि अहमदाबादजवळचं सरखेज इथली नीळ सुरतेच्या वखारीमार्गे ईस्ट इंडिया कंपनी नेत असे. युरोपात स्वतःचं निळं देणारं झाड होतं, वोड नावाचं. त्याच्या बागायतदारांनी परदेशी निळीविरुद्ध आरडाओरड केली, काही राज्यांनी बंदी घातली, तरी आपली नीळ टिकली, कारण तिचा रंग गडद आणि पक्का होता. इंडिगो या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘भारतातलं’ असा आहे. म्हणजे न्यूटनने प्रकाशाच्या पट्टीवर जी सहावी खूण केली, ती आपल्या शेतात उगवणाऱ्या, आपल्या हौदात कुजवल्या जाणाऱ्या पानांच्या नावाने केली.

तो शब्द शाळेच्या वाटेने परत आपल्याकडे आला. मराठी पुस्तकात ‘ब्लू’ला निळा दिला गेला, मग इंडिगोसाठी दुसरा शब्द हवा होता, आणि तिथे पारवा बसला.

या ठिकाणी शेजारच्या भाषांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. गुजराती मुलं ‘जानीवालीपीनारा’ म्हणतात: जांबली, नीलो, वादळी, लीलो, पीळो, नारंगी, रातो. बंगाली मुलं ‘बेनीआसहकला’ म्हणतात: बेगुनी, नील, आसमानी, सबुज, हलुद, कमला, लाल. हिंदीत ‘बैनीआहपीनाला’: बैंगनी, नीला, आसमानी, हरा, पीला, नारंगी, लाल. तिघींनी जांभळ्याशेजारची जागा, म्हणजे इंडिगोची जागा, नीलला दिली. त्याच्या अलीकडच्या ‘ब्लू’ला त्यांनी आकाशाचं नाहीतर ढगाचं नाव दिलं. या चौघींत मराठीनेच नीलला एक घर अलीकडे सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पक्षी आणून बसवला.

यात तिघींचं बरोबर आहे, असं मी म्हणतो ते नुसत्या शब्दव्युत्पत्तीवरून नव्हे. न्यूटनच्या काळातल्या रंगांच्या वर्णनांचा अभ्यास करणाऱ्या काहींचं मत असं आहे, की त्याचा ‘ब्लू’ हा आकाशाकडे झुकणारा, आपण आज फिरोजीच्या जवळ ठेवू असा रंग असावा, आणि आज आपण ज्याला सरळ निळा म्हणतो तो त्याचा इंडिगो. हे मत मान्य केलं तर आसमानी आणि नील ही जोडी न्यूटनच्या डोळ्याच्या फार जवळ जाते.

पारव्याची अडचण याहून मोठी आहे. इंद्रधनुष्यातल्या रंगांत राख नसते. प्रकाश फुटून निघालेल्या रंगात काळं नसतं, मळकटपणा नसतो. करडा, तपकिरी, राखाडी हे रंग आकाशातल्या कमानीत दिसूच शकत नाहीत. पारव्याचं सगळं सौंदर्य तर त्या राखेतच आहे. निळ्यातला उजेड कमी करून, त्यात थोडा धूर मिसळून तो बनतो. ज्या पट्टीत तो असणं अशक्य आहे, त्याच पट्टीत आपण त्याला नेमून ठेवलं. मूल कमानीत पारवा शोधतं, त्याला तो सापडत नाही, आणि हा शब्द फक्त पाठ करायचा असतो, पाहायचा नसतो, असा समज त्याच्या मनात पक्का होतो. रंगाच्या शब्दाची याहून वाईट गत होत नाही.

निळीचं दुर्दैव वेगळं आहे. आमच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला इंडिगो म्हणजे पारवा असं सांगतात, आणि पुढच्या तासाला इतिहासाचे शिक्षक चंपारण शिकवतात. बिहारमधल्या त्या जिल्ह्यात शेतकऱ्याला प्रत्येक वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत निळीची लागवड करावी लागे. त्याला तीनकठिया म्हणत. तिथले शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींच्या मागे लागून त्यांना तिथे घेऊन गेले, आणि १९१७ साली तिथे भारतातला त्यांचा पहिला सत्याग्रह झाला. त्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी, १८५९-६० मध्ये, बंगालच्या रयतेने निळीविरुद्ध उठाव केला होता. दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’ नाटक त्यातूनच आलं, आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना दंड आणि तुरुंगवास झाला. या सगळ्या यातनेचा जो माल होता, तोच माल न्यूटनच्या सहाव्या पट्टीचं नाव आहे. विज्ञानाचा तास आणि इतिहासाचा तास यांच्यामध्ये एक साधा धागा होता. मराठीत तो पारव्याच्या पंखाखाली झाकला गेला. मुलगा सुट्टीच्या दिवशी जीन्स घालतो, त्या जीन्सचा रंगही हाच आहे. पण हा तो रंग, हे त्याला सांगायला शब्द उरलेला नाही.

नीळ कशी निघते, ते थोडक्यात सांगतो, कारण रंगाच्या माणसाला ते माहीत असायला हवं. झाडाच्या हिरव्या पानात निळा रंग नसतो. पानं पाण्यात आंबवली की त्यातलं द्रव्य सुटं होतं, आणि पाणी घुसळून त्यात हवा मिसळली की निळा गाळ तळाशी बसतो. हा गाळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून कापड रंगवताना हौदात तो पुन्हा रूप बदलून विरघळवावा लागतो, आणि त्या वेळी हौदातलं पाणी पिवळसर हिरवं दिसतं. कापड बाहेर काढलं की तेही हिरवट दिसतं, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. एका बुडीत आकाशी, अनेक बुड्यांत रात्रीच्या जवळ जाणारा. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांना निळारी, निराळी म्हणत. पुढे अडॉल्फ फॉन बायरने प्रयोगशाळेत हे द्रव्य बनवलं, १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि निळीचे हौद ओस पडू लागले. आपल्या आजीच्या घरी पांढऱ्या धोतराला जी नीळ देत, ती तर झाडाची नव्हतीच. ती अल्ट्रामरीनची पूड होती. वस्तू बदलली तरी घरातल्या बाईने शब्द सोडला नाही. नीळ हा शब्द इतका जिवंत असताना पुस्तकात इंडिगोसाठी तो का चालू नये?

याला एक उत्तर आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. मराठीत निळा हा शब्द फार रुंद आहे. संस्कृतातच नील म्हणजे काळ्यापासून निळ्यापर्यंतचं सगळं गडद: नीलमेघ, नीलकंठ, नीलकेश. ज्ञानदेवांच्या अभंगांत विठ्ठल निळा आहे आणि सावळाही आहे, आणि ते वेगळे रंग आहेत असं वारकऱ्याला कधी वाटलं नाही. आधुनिक काळात या शब्दाला आणखी एक मोठा अर्थ मिळाला. बाबासाहेबांनी १९४२ साली स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, आणि तेव्हापासून निळा हा महाराष्ट्रात एका लढ्याचं, एका आत्मसन्मानाचं नाव आहे. इतक्या रुंद शब्दाला वर्णपटातल्या अरुंद पट्टीत कोंबणं कुणालाही अवघड वाटलं असेल. म्हणून ‘ब्लू’ला निळा देण्यात चूक होती असं मी म्हणत नाही. पुढची पायरी, म्हणजे निळ्याशेजारची रिकामी जागा भरायला पारवा हाती घेणं, तिथे मला हरकत आहे.

कारण आपल्या बायकांनी, विणकरांनी, रंगाऱ्यांनी या शब्दाला आधीच काम दिलेलं होतं. मराठी माणूस रंगांना वस्तूंची नावं देतो. सप्तरंगांच्या यादीतच पाहा: तांबडा तांब्याचा, नारिंगी नारिंगाचा, जांभळा जांभळाचा. लुगड्यांच्या दुनियेत तर ही रीत बहरास आली: डाळिंबी, अंजिरी, आमसुली, वांगी, अबोली, श्रीखंडी, मोतिया, मोरपंखी, पोपटी, गुलबक्षी, विटकरी, किरमिजी, चिंतामणी. प्रत्येक नावामागे हात लावून पाहता येईल अशी वस्तू आहे, निदान डोळ्यांपुढे उभं राहणारं चित्र आहे. पारवा याच घरातला. पारव्या रंगाचं लुगडं म्हटलं की कसं लुगडं, हे दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला एकदम कळत असे. आज तीच बाई ‘ग्रे’ म्हणते किंवा ‘ब्लुइश ग्रे’. दोन परक्या शब्दांत ती जे सांगू पाहते, ते एका मराठी शब्दात आयतं होतं.

साहित्यिकांनी मात्र हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या अर्थाने सहसा वापरला नाही. बालकवींची ‘पारवा’ नावाची कविता आहे. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर एकटा बसलेला तो पक्षी आहे, आणि कवितेभर उदासी पसरली आहे. जी. ए. कुलकर्णींचा पहिला कथासंग्रह ‘निळासावळा’ १९५९ साली आला आणि दुसरा, ‘पारवा’, १९६० साली. पुढे ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’. नावांमागून नावं रंग घेऊन येतात. ‘निळासावळा’ आणि ‘पारवा’ शेजारी ठेवले की दोन वेगळे अंधार दिसतात. पहिला खोल आहे, त्यात उतरावं लागतं. दुसरा उजेड विझत गेल्यावर वस्तूंवर बसणारा. वर्णपटातला झगझगीत इंडिगो मनात धरून ‘पारवा’ हे नाव वाचून पाहा, ते लागत नाही. पक्ष्याच्या पाठीचा रंग मनात धरा, लगेच लागतं. वाचकाच्या मनात शब्दाचा खरा अर्थ अजून शाबूत आहे, याचा मला हा मोठा पुरावा वाटतो.

आता माझी सूचना. वर्णपटाची मराठी यादी तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा अशी करावी. ‘तानापिहिआनिजा’. म्हणून पाहा, जिभेला अडखळत नाही. निळा जांभळ्याशेजारी जाईल, म्हणजे न्यूटनने ज्याला इंडिको म्हटलं त्या जागी. मग चंपारणची नीळ, जीन्सचं कापड आणि इंद्रधनुष्याची पट्टी या तिन्ही गोष्टी एका शब्दात बांधल्या जातील. आकाशी हा मुलांच्या तोंडातला शब्द आहेच.

यावर एक आक्षेप मला स्वतःला बरेच दिवस छळत होता. पाठ्यपुस्तकानेच हा शब्द जिवंत ठेवला आहे, तिथून काढला तर तो नाहीसाच होईल. हा धोका खरा आहे. दरवर्षी लाखो मुलं ‘पारवा’ उच्चारतात ती या एका ओळीमुळेच. पण नुसत्या उच्चाराने जगलेला शब्द कुणाच्या कामाला येतो? उद्या कुणी कादंबरीत पारवं आभाळ लिहिलं आणि वाचकाला गडद निळं आभाळ दिसलं, तर लिहिणाऱ्याने काय करायचं? त्याला शब्द सोडून द्यावा लागेल, आणि लिहिणारे तो सोडून देत आहेतच. शब्द वाचवायचा तर त्याला त्याचा रंग परत द्यायला हवा, आणि हे काम विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा चित्रकलेच्या वर्गात सोपं आहे.

इथे चित्रकलेचे शिक्षक बरेच आहेत, म्हणून शेवटचं थोडं त्यांच्याशी बोलतो. मुलांच्या रंगपेटीत पारवा नावाची वडी नसते. तो बनवावा लागतो, आणि बनवण्यातच तो कळतो. अल्ट्रामरीन घ्यावा, त्यात बर्न्ट सायना अगदी थोडा मिसळावा. निळा मावळून करडा होऊ लागला की थांबावं. पोस्टर कलर असेल तर पांढरा घालावा, जलरंग असेल तर पाणी वाढवावं. काळा घालून तो बनवू नये. काळ्याने निळ्याचा जीव जातो आणि नुसता राखाडी उरतो. प्रशियन ब्लू घेतला तर रंग हिरव्याकडे झुकतो, तेही टाळावं. मग मुलांना तीन गोष्टी रंगवायला द्याव्यात: पारव्याची पाठ, पावसाआधीचं आभाळ आणि उन्हाळ्याच्या दुपारी दिसणाऱ्या सह्याद्रीच्या लांबच्या रांगा. जवळचा डोंगर तपकिरी, त्यामागचा पारवा, त्याच्यामागचा आणखी फिका पारवा. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलाला लांबचं आणि जवळचं दाखवायची ही रीत शिकवावीच लागते. ती शिकवताना रंगाचं नाव मोठ्याने घ्यावं आणि मुलाने कागदाच्या कडेला, जिथे तो रंगाचा थेंब टाकून पाहतो तिथे, पेन्सिलीने ते नाव लिहावं.